खुर्चीला पटलं नाही

सर वर्गात येण्याआधी त्यांची खुर्ची यायची. घडीची, निळ्या कापडाची, लोक मुलांच्या सॉकरच्या मॅचला नेतात तसली. वर्गात तीस खुर्च्या आणि विद्यार्थी अकरा, तरी सर दर वेळी गाडीच्या डिकीतून ती काढत, काखेत मारून आणत, फळ्याशेजारी उघडून ठेवत आणि तिच्यावर कोणालाही बसू देत नसत.

पहिल्या दिवशी मी बसले. पंचवीस मिनिटं उशीर झाला होता, गुडघे बोलत होते आणि तीच सगळ्यात जवळ होती.

"मॅडम, तिथे एक बाई बसल्यात," सर म्हणाले.

मी ताडकन उठले आणि मागे वळून त्या रिकाम्या कापडाला "सॉरी" म्हणाले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. मी सॉरी म्हटल्याचं त्यांना मनापासून बरं वाटलं असावं, कारण इतरांना ते सांगून म्हणायला लावावं लागायचं.

तेव्हा मी तरुण होते, बासष्ट वर्षांची. सहा महिन्यांपूर्वीच, इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधलं मुलाचं घर सोडून शेजारच्या कॅरीतल्या ज्येष्ठांच्या अपार्टमेंटमध्ये एकटी राहायला आले होते आणि जगातलं शेवटचं स्वातंत्र्ययुद्ध आपणच जिंकलं अशा थाटात वावरत होते. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, बटाटेवड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही मी ती कथा ऐकवत असे. रांगेतून पळता येत नाही. तिकडे सांगलीला मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता, त्यामुळे विजयाची कथा कशी सांगतात ते मला पाठ होतं. उणीव होती ती फक्त एखाद्या खऱ्या इतिहासकाराच्या शिक्क्याची. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जागा उरली तर वयस्कांना वर्गात बसू देतात, आणि त्या सत्रात ज्या वर्गात जागाच जागा उरली होती तो हा. विषय, स्पॅनिश वसाहतींचं स्वातंत्र्य आणि इतिहासकार त्याचा अर्थ कसा लावतात.

सर मूळचे बोलिव्हियाचे. बुटके, रुंद, जुलैतही लोकरीचा स्वेटर. उशिरा येणाऱ्यांसाठी त्यांचा एक नियम होता. उशीर का झाला याची तीन कारणं द्यायची, तीन प्रकारच्या इतिहासकारांसारखी. त्या पहिल्या दिवशी मला ते प्रकार माहीत नव्हते. मी वहीवर बोट ठेवून मुद्दे मांडले. एक, अपार्टमेंटची शटल बस उशिरा आली. दोन, पाऊस. तीन, रस्त्याचं काम. चार, माझं वय. पाच, वरील सर्वांचा एकत्रित परिणाम.

"वा!" सर म्हणाले. "आणि ज्याच्यामुळे शटल उशिरा आली, तो ड्रायव्हर या पाचात कुठे आहे?"

मला काय माहीत? मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

सरांचे तीन प्रकार असे. पहिले पुतळेवाले. यांच्या मते एके दिवशी राष्ट्राला जाग येते, एक देखणा माणूस घोड्यावर बसतो, बर्फाचे डोंगर ओलांडतो आणि झालं स्वातंत्र्य. यांच्या पुस्तकात घोडा कधी लीद टाकत नाही, असं सर म्हणत.

दुसरे राजवाडेवाले. हे म्हणतात, कसली जाग घेऊन बसलात? फ्रान्सच्या सम्राटाने स्पेनच्या राजाला धरून कैदेत टाकलं, सिंहासन रिकामं पडलं. तेव्हा समुद्रापलीकडच्या वसाहतींतल्या बड्या लोकांनी गावोगाव सभा भरवून शपथ घेतली. कसली? राजाशी एकनिष्ठ राहण्याची! पोरांनी बंड नव्हतं केलं हो, आईबाप घरात नाहीत म्हणून ती घर सांभाळत होती. पुढे राजा सुटून आला आणि पूर्वीसारखाच डाफरायला लागला, तेव्हा म्हणाली, राहू दे, आमचं आम्ही बघतो. थोडक्यात, साम्राज्य कोणी पाडलं नाही, ते आतून बसलं.

तिसरे स्वयंपाकघरवाले. यांचा एकच प्रश्न. चौकात जाहीरनामा वाचत होते तेव्हा भांडी कोण घासत होतं? हे दाखवून देतात की स्वातंत्र्याची भाषणं करणाऱ्यांना स्पेनचा जेवढा राग होता, त्याहून जास्त आपल्याच गुलामांची आणि शेतावर राबणाऱ्या मूळ रहिवाशांची धास्ती होती. आणि त्या रहिवाशांतले कित्येक राजाच्या बाजूने लढले, कारण त्यांच्या जमिनीच्या कागदावर शिक्का राजाचा होता. नव्या साहेबांचा काय भरवसा?

"मग तुम्ही स्वयंपाकघरवाले," मी म्हणाले.

"छे! त्यांच्यातल्या निम्म्यांना अंडं उकडता येत नाही," सर म्हणाले. "मी खुर्चीवाला."

खुर्चीवरची बाई म्हणजे सरांच्या पणजीची आजी. त्यांच्या घरात सांगत आलेली गोष्ट अशी, की ज्या दिवशी त्यांचा देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ही मालकाचे कपडे धुवायला नदीवर गेली होती. परत आली तर दारावर दुसरा झेंडा. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. हिने विचारलं, "मग खेचरांना चारा आता कोण घालणार?" उत्तर आलं, "तूच." आणि तिच्या माणसांकडून राजा जी खंडणी घ्यायचा तीही चालूच राहिली. मध्ये थोडे दिवस बंद झाली, मग नवीन सरकारने नवीन नाव देऊन परत सुरू केली. आता ती खंडणी नव्हती, राष्ट्राला हातभार होता.

म्हणून वर्गात कोणी काहीही मत मांडलं की सर खुर्चीकडे वळून विचारत, "पटलं का, बाई?" मग पूर्ण पाच सेकंद थांबत. आमच्यात एक निवृत्त फायरफायटर होता, दारासारखा रुंद, त्याला घोडे आणि तलवारी फार आवडत. तो त्या पाच सेकंदांत घामाघूम व्हायचा. मग सर खेदाने मान हलवत. "खुर्चीला पटलं नाही."

मला वाटलं, म्हातारा चळलाय. तरी एकदा भावनेच्या भरात मी त्यांना माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. मी पेपर तपासण्याबद्दल प्रसिद्ध होते. स्वातंत्र्याची पाच कारणं आणि सहा परिणाम मी लिहून देत असे, आणि सातवा परिणाम लिहिणाऱ्याची खैर नसे. एका मुलीने परिणामांच्या उत्तरात लिहिलं होतं, 'स्वातंत्र्य मिळालं ते माझ्या आजीला चार दिवसांनी कळलं. तिने विचारलं, आता आपल्याला त्या विहिरीवर पाणी भरू देतील का?' मी लाल पेनने लिहिलं, 'विषयाला सोडून. शून्य.' आणि खाली, 'हस्ताक्षर सुधारणे.' असे शेरे मारण्यात मला हल्लीच्या मुलांना फोनमध्ये मिळतो तेवढा आनंद मिळायचा.

मला वाटलं होतं सर हसतील. ते चांगले पंधरा सेकंद खुर्चीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, हस्ताक्षर कसं होतं?"

"चांगलं होतं," मी म्हणाले. तोपर्यंत हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सत्राच्या अखेरीस निबंध होता. कोणतंही एक स्वातंत्र्य घ्या आणि ते तिन्ही प्रकारांनी लिहा. बाकीच्यांनी मेक्सिको घेतला, चिली घेतला. मी मला घेतलं. दुसरं कोण? हा शिक्का मिळवायलाच तर मी आले होते.

पुतळेवाला भाग मी एका बैठकीत लिहिला. समीरच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या घरी मी दोन वर्षं होते. एकदा हिंगमोहरीच्या फोडणीने स्मोक अलार्म वाजला आणि माझ्या सुनेने, मृण्मयीने, कायदा केला. फोडणी यापुढे डेकवर. घरामागच्या त्या उघड्या लाकडी ओट्यावर एक गॅसची शेगडी मांडण्यात आली. भर जानेवारीत, कानटोपी घालून, गोठलेल्या बोटांनी मी मोहरी तडतडवत असे आणि शेजारचा कुत्रा कुंपणातून माझ्याकडे दयेने बघे. (कुत्रा मी नंतर घातला. पुतळ्याला प्राणी लागतो.) अखेर एका शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी वाटी आपटली आणि म्हणाले, "बस झालं. मी वेगळी राहणार." समीर उठून गॅरेजमध्ये गेला, डोळे पुसायला. आणि तीनच आठवड्यांत मी माझ्या अपार्टमेंटमध्ये, माझ्या गॅसवर, अलार्मवर शॉवर कॅप चढवून, फोडणी केली.

स्वयंपाकघरवाला भागही तयारच होता. स्वयंपाकघरातली तर मीच! दोन्ही भागांत मी. राहिला राजवाडा. "त्यासाठी राजवाड्यातला साक्षीदार हवा," सर म्हणाले. "शत्रूची मुलाखत घ्या."

मी वही घेऊन मॉरिसव्हिलला गेले. मृण्मयी लॅपटॉप मिटवून समोर बसली. मी विचारलं, "त्या शनिवारी तुम्हाला धक्का बसला, हे खरं ना?"

तिने आधी समीरकडे बघितलं. समीरने छताकडे.

"आई, रागवू नका हं," ती म्हणाली. "त्या अपार्टमेंटची वेटिंग लिस्ट वर्षभराची असते. तुम्हाला तीन आठवड्यांत कसं मिळालं, असं कधी वाटलं नाही तुम्हाला?"

नव्हतं वाटलं. मला वाटलं, माझा दराराच तसा आहे.

"नाव आम्ही आधीच्या उन्हाळ्यात घातलं होतं. डेकच्या आधी. तुम्ही दुपारभर खिडकीत बसायचात. एकदा मी घरून काम करत होते, तर तुम्ही त्या पार्सलवाल्याला मराठीत विचारत होतात, जेवलास का म्हणून. तो बिचारा यस मॅम, यस मॅम करत होता. मला रडूच आलं. तिकडे तुमच्या वयाची माणसं आहेत, वर्ग आहेत, शटल आहे. पण तुम्हाला सांगणार कोण? आईला घराबाहेर काढलं असं झालं असतं. सांगलीत काय म्हणाले असते?"

"मग?"

"मग तुम्हीच वाटी आपटलीत," मृण्मयी म्हणाली. "वी वेअर सो रिलीव्ह्ड, आई."

"आणि समीर? गॅरेजमध्ये?"

समीर छताशीच बोलला. "अपार्टमेंटच्या ऑफिसला फोन केला. शनिवारी ते एकला बंद होतं ना."

बघा. राजा कैदेत नव्हता, राजा फोनवर होता. आणि मी ज्याला लढाई समजत होते ते साम्राज्याने माझं सामान बांधून दाराशी ठेवल्यावर मी दार उघडायला केलेली आरडाओरड होती.

तरी मी हरले नाही. मी सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, एवढंच नाही तर वर खंडणीचाही मुद्दा घातला. स्वातंत्र्यानंतरही मी दर रविवारी या घराला डबा पाठवत होते. भाजी तीच, पोळ्या तितक्याच. आधी त्याला ड्यूटी म्हणायचे, आता प्रेम म्हणतात. मला वाटलं, या एका मुद्द्यावर सर मला खांद्यावर घेतील.

सरांनी निबंध वाचला. मग खुर्चीकडे बघून म्हणाले, "पटलं का, बाई?" एक, दोन, तीन, चार, पाच. "नाही पटलं."

"का?" मी एकतीस वर्षांची मास्तरीण, चिडले. "स्वयंपाकघर आहे ना त्यात!"

"स्वयंपाकघरात तुम्ही होतात, मॅडम. पण जाहीरनामाही तुम्हीच वाचलात. एकाच माणसाला दोन्ही कसं देऊ? त्या टेबलावर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

"आठवा."

मी शटलमध्ये आठवलं, जिना चढताना आठवलं. समीर, मृण्मयी, मी, वाटी. वाटीत काय होतं? मऊ भात. मऊ भात आमच्या घरात एकच माणूस खातं. मी जी वाटी आपटली ती माझी नव्हतीच.

इरा, माझी नात. तेव्हा आठ वर्षांची. माझ्या सबंध स्वातंत्र्ययुद्धात, वीस पानांत, तिचं नावसुद्धा नव्हतं. रांगेतल्या कोणाला तिच्याबद्दल सांगितल्याचंही आठवेना.

पुढच्या रविवारी डबा घेऊन मी स्वतः गेले. ती कार्पेटवर पालथी पडून चित्रं रंगवत होती.

"इरा, मी त्या घरी राहायला गेले ना, तेव्हा तुला काय वाटलं?"

"नोबडी आस्क्ड मी," ती मान वर न करता म्हणाली.

"आता विचारतेय."

तिने खडू बदलला. "यू युज्ड टु बी ॲट द मेलबॉक्स. स्कूलबस आली की. मग तू गेलीस अँड आय गॉट आफ्टरकेअर. शाळेतच, टिल सिक्स. एव्हरी डे."

"तिथे खायला देतात ना काहीतरी?"

"सेलरी," इरा म्हणाली.

सेलरी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी कोथिंबिरीचा दांडा बोटाएवढा जाड आणि अतिशय दुःखी असल्याची कल्पना करावी. माझ्या फोडणीला स्वातंत्र्य मिळालं आणि या पोरीला सेलरी.

"आज्जी, आर यू क्रायिंग?"

"नाही. हिंग गेलाय डोळ्यात."

"हिंग तर डब्यात आहे."

पुराव्यानिशी बोलते. माझी नात आहे. शाळेतली मी असते तर तिला शून्य दिलं असतं.

एवढंच लिहून मी निबंध परत दिला, शेवटी अर्धं पान. मला ए हवा होता, मी खोटं बोलणार नाही. सरांनी श्रेणी दिलीच नाही, मी हजेरीपटावरच नव्हते म्हणे, नुसती बसायला येणारी. पानाच्या तळाशी त्यांनी एवढंच लिहिलं होतं, 'हस्ताक्षर चांगलं आहे.' त्या म्हाताऱ्याचा दुष्टपणा बघा. तो कागद अजून माझ्या फ्रिजवर आहे.

इराच्या दुपारी तीनच्या बसचं म्हणाल, तर त्यावर तह झाला. मंगळवारी आणि गुरुवारी समीर मला जेवणाच्या सुट्टीत येऊन नेऊ लागला आणि मी पुन्हा मेलबॉक्सशी उभी राहू लागले. फोडणी अर्थातच डेकवर. मंडळातल्या बायका म्हणायच्या, "अहो, तुम्ही तर स्वतंत्र झाला होतात ना?" मी म्हणायची, "हो, हातभार लावायला येते."

सरांना मी पुढची आठ सत्रं ऐकलं. विषय तोच, विनोद तेच, स्वेटर तोच. एका वर्षी वर्गात चारच मुलं उरली तरी खुर्ची आलीच. मग एक दिवस सरांनीच उशीर केला, चाळीस मिनिटं. आत आले तर पाठीमागे त्यांची मुलगी, हातात गाडीच्या किल्ल्या. तिच्या.

"सर, कारणं!" मी मागच्या बाकावरून ओरडले.

सर उभे राहिले, विद्यार्थ्यासारखे. "पुतळा," ते म्हणाले. "मी ठरवलं आहे की आता शिकवणं पुरे, टेक्ससला मुलीकडे जाऊन राहावं. राजवाडा. मी गाडी दोनदा पोस्टाच्या पेटीवर घातली आणि डॉक्टरांनी मुलीला फोन केला."

"आणि तिसरं?"

"ते माझ्या मांजराला विचारा. मुलीला ॲलर्जी आहे."

त्यांची मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. तिलाही कोणी विचारलं नसेल, असं माझ्या मनात आलं. बघा, अशी सवय लावून ठेवली होती त्यांनी.

मांजर फायरफायटरने नेलं. ते आता घोड्यांच्या चित्राखाली झोपतं. खुर्ची मला मिळाली. सरांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा मी विचारलं, "मला का?"

"पहिल्याच दिवशी सॉरी म्हणालात. बाकी सगळे वर्षभर घेतात." आणि मुलीच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर, पट्टा मुलीने लावला.

आता मी बहात्तर वर्षांची आहे आणि पूर्वीपेक्षा थोडी कमी तरुण आहे. खुर्ची माझ्या बैठकीच्या खोलीत असते. तिच्यावर मी कोणाला बसू देत नाही आणि त्यामुळे माझ्याकडे फार पाहुणे टिकत नाहीत.

मागच्या महिन्यात इरा आली, स्वतः गाडी चालवत. अठरा पूर्ण. टेबलाशी बसली आणि जाहीरनामा वाचावा तशी एका दमात म्हणाली, "आज्जी, मी कॉलेजला कॅलिफोर्नियाला जाणार. इथली ॲडमिशन कॅन्सल केली. मॉम-डॅड आर फाइन, दे आर ऑलरेडी लुकिंग ॲट फ्लाइट्स. आय नीड माय ओन लाइफ, यू नो?"

समीर-मृण्मयी फ्लाइट्स बघतायत म्हणजे राजवाड्याने सामान बांधलंच होतं. आणि घोड्यावरची देखणी बाई माझ्यासमोर बसली होती, पायात बूट घालून, माझ्या कार्पेटवर. मी मंगळवार-गुरुवारचा हिशेब मनात करत बसले. दहा वर्षांचे मंगळवार. शाळेची बस तर केव्हाच बंद झाली होती, तरी त्या दोन दिवशी इरा यायची, स्वतः गाडी चालवत, माझ्याकडे.

इराने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. उठली, खुर्ची भिंतीपासून ओढून टेबलाशी आणली आणि कापडावरची धूळ तळहाताने झटकली.

"बस, आज्जी."

"मी? अगं, तिथे बाई असतात."

"बस ना, यार."

मी बसले. दहा वर्षांनी, या खेपेला कोणी उठवलं नाही. गुडघे तेवढेच बोलले.

"पटलं का?" इराने विचारलं आणि ती खरोखर थांबली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सात. सरांना जे कधी मिळालं नाही ते ती मागत होती. उत्तर.

"नाही पटलं," मी म्हणाले. "कधी निघायचंय? डबा करते."